नळीत बसणारे काडतूस आणि नळीला मानवणारे काडतूस

बेळगावहून खानापूरकडे निघालेल्या माणसास शहर मागे पडता पडता उद्यमबाग लागते, आणि तेथील ओतशाळांच्या भट्ट्या, साच्यांच्या काळ्या वाळूचे ढीग, लेथच्या हत्याराखालून निघणारे पोलादाचे निळसर वळसे व एकाच वाक्यात मराठी आणि कानडी मिसळून बोलणारे कारागीर पाहिले, म्हणजे धातूशी संसार मांडून बसलेल्या माणसांच्या मुलखात आपण आलो आहो याविषयी संशय उरत नाही. येथल्या फिटरास एक गोष्ट कोणी पुस्तकातून शिकवावी लागत नाही. ती ही की, जॉब जागेवर बसला एवढ्याने तो पास होत नाही. दट्ट्या सिलिंडरात लोण्यासारखा सरकला तरी त्या सिलिंडरास नेहमीच्या कामाच्या बहुधा दीडपट दाब देऊन, तो कोठे पाझरत नाही आणि कोठे फुगत नाही, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून जाणता कारखानदार त्याची रवानगी करीत नाही. कारण मापाचा मेळ ही एक गोष्ट, आणि बळाचा मेळ ही अगदी निराळी गोष्ट. प्रस्तुत प्रकरणाचा विषय जी दुनळी रायफल, तिच्या काडतुसाची निवड करतानाही याच दोन मेळांतील भेद सांभाळावा लागतो, आणि तो न सांभाळल्यास चुकीची शिक्षा चेहऱ्यापासून हातभर अंतरावर मिळते.

हा विषय या मुलखास परका नाही. बेळगावच्या पश्चिमेस जांबोटी, कणकुंबी, खानापूर या बाजूस सह्याद्रीचे जे दाट रान पसरले आहे, आणि उत्तरेस कोल्हापूरच्या हद्दीत राधानगरीजवळ दाजीपूरचे जे अरण्य आहे, ती सारी गव्यांची राहती घरे होत. पूर्ण वाढलेल्या गव्याच्या नराचे वजन हजार किलोच्या घरात जाते. असे जनावर जखमी होऊन दहा पावलांवरून उलटले, तर दुसरी गोळी झाडण्यास शिकाऱ्याच्या हाती एखाद्या श्वासाएवढाच अवधी उरतो. संस्थानी अमदानीत राजेरजवाड्यांच्या शिकारखान्यांत इंग्लंडहून मुद्दाम बेतून आणविलेल्या दुनळी रायफली असत, त्यांचे मूळ कारण हे. दाजीपूरचे रान तेव्हा कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारक्षेत्र होते. १९५८ साली तेच गव्यांचे अभयारण्य झाले, आणि १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाने व त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने देशभर शिकारीचा अध्याय बंद झाला. तो बंद झाला हे उचितच झाले. परंतु रायफली मात्र राहिल्या. काही संग्रहालयांत गेल्या, काही परवानेदार घराण्यांच्या लोखंडी कपाटांत वारसाहक्काने उतरल्या. आणि इंग्लंड, ऑस्ट्रियातील फेर्लाख व बेल्जियममधील लिएज येथे अशा रायफली गिऱ्हाइकाच्या अंगलटीप्रमाणे बनवून देणारे कारागीर आजही आहेत. म्हणून तिचे काडतूस कसे ठरवावे हा प्रश्नही जिवंत आहे.

दोन नळ्यांचा संसार

दुनळी रायफलीत पेटी (मॅगझिन) नसते, मागेपुढे सरकणारा खटका (बोल्ट) नसतो. दोन नळ्या शेजारी शेजारी पट्ट्यांनी झाळून एकजीव केलेल्या असतात, बुडाशी बिजागरीवर मोडून दोन काडतुसे घालावयाची, मिटवावयाची, आणि बहुधा दोन स्वतंत्र चापांनी एकामागून एक झाडावयाची, एवढाच तिचा कारभार. एक यंत्रणा बिघडली तरी दुसरी शिल्लक राहते, हा तिचा मोठा गुण. परंतु तिच्या रचनेत एक असे रहस्य आहे की, ते कळल्यावाचून काडतुसाचा प्रश्न कळत नाही.

वरवर पाहता या दोन नळ्या समांतर वाटतात. वस्तुतः त्या बुडापासून तोंडाकडे किंचित एकमेकींकडे झुकविलेल्या असतात. उजवी नळी रायफलीच्या मध्यरेषेच्या उजवीकडे असल्यामुळे ती झाडताच धक्क्याने रायफल वर आणि उजवीकडे फिरू लागते, व गोळी नळीत असते तो सेकंदाचा सुमारे पाचशेवा भाग एवढ्या अल्पावधीतही ते फिरणे सुरू झालेले असते; डाव्या नळीचे तसेच डावीकडे. हे फिरणे आधीच हिशेबात धरून कारागीर नळ्या आत झुकवितो, तोंडाशी दोन नळ्यांमध्ये बसविलेली बारीक पाचर मागेपुढे सरकवितो, पुन्हा झाडून पाहतो, पुन्हा झाळण वितळवितो, आणि ठराविक अंतरावर दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एका ठिकाणी पडू लागेपर्यंत हा उद्योग सोडीत नाही. हे सारे तो एका विशिष्ट काडतुसासाठी करतो: गोळीचे अमुक वजन, अमुक वेग, अमुक धक्का. त्याहून मंद काडतूस घातले तर गोळी नळीत अधिक वेळ रेंगाळते, रायफल अधिक फिरते आणि दोन्ही नळ्यांचे मार एकमेकांपासून दूर फाकतात. त्याहून तीव्र काडतूस घातले तर गोळी लवकर सुटते आणि उजवीचा मार डावीकडे व डावीचा उजवीकडे जाऊन ते एकमेकांना छेदतात. अचूक दुनळी रायफल ही अशा रीतीने एका काडतुसाशी लावलेली लग्नगाठ असते, आणि नवी रायफल बनवून घेणाऱ्याने काडतूस आधी व रायफल मागाहून ठरवावी, हा या विषयातील पहिला दंडक यातूनच निघतो.

एकाच पुंगळीत तीन स्वभाव

दुसरी आणि अधिक भयप्रद अडचण इतिहासाने निर्माण केली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत शिकारी रायफलींत काळी दारू भरीत. १८८९ साली एबल आणि ड्यूअर या दोन शास्त्रज्ञांनी नायट्रोग्लिसरीन व गनकॉटन यांपासून कॉर्डाइट ही धूरविरहित दारू सिद्ध केली, आणि १८९८ च्या सुमारास जॉन रिग्बी यांच्या पेढीने काळ्या दारूच्या जमान्यातील .४५० बोअरच्या सव्वातीन इंची पुंगळीतच कॉर्डाइट भरून ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, गोळी सेकंदाला २,१५० फूट वेगाने झाडणारे ‘नायट्रो एक्स्प्रेस’ काडतूस आणले. पुंगळी तीच राहिली, लांबी तीच राहिली. आतला स्वभाव मात्र समूळ पालटला.

याचा परिणाम असा झाला की, एकाच आकाराच्या पुंगळीत तीन प्रकारचे भरणे बाजारात फिरू लागले. पहिले काळ्या दारूचे. दुसरे, काळ्या दारूच्या रायफलीस सोसेल इतक्याच बेताने भरलेले सौम्य कॉर्डाइटचे. आणि तिसरे पुऱ्या बळाचे नायट्रो एक्स्प्रेस. .५०० बोअरच्या तीन इंची काडतुसाचे उदाहरण घ्या. काळ्या दारूच्या काळी त्यातून सुमारे ४४० ग्रेनची गोळी झाडीत; नायट्रोच्या काळी त्याच मापाच्या पुंगळीतून ५७० ग्रेनची जड गोळी ८० ग्रेन कॉर्डाइटने झाडू लागले. आजोबांच्या शिकारखान्यातील बाहेर घोडे (हॅमर) असलेली जुनी दुनळी घेऊन कोणी हे तिसऱ्या जातीचे काडतूस तिच्यात घातले, तर ते हातमोज्यात हात जावा तसे जाईल, रायफल निमूटपणे मिटेल, कोठे अडणार नाही, कोठे कुरकुरणार नाही. आणि चाप ओढताच जी नळी त्या बळासाठी कधी घडविलीच नव्हती तिच्यावर ते सारे बळ कोसळेल. मापाचा मेळ आणि बळाचा मेळ यांतील भेद म्हणून जो आरंभी सांगितला, त्याचे याहून कठोर प्रात्यक्षिक दुसरे नाही.

नावांचा घोळ आणि १९०७ चा हुकूम

तिसरी अडचण नावांची. सरकारी लष्करात मार्टिनी-हेन्री रायफलीचे काडतूस .५७७/४५० बोअरचे होते. अशा रायफली बंडखोरांच्या हाती पडल्यास त्यांना दारूगोळा मिळू नये, या धोरणाने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान या दोन मुलखांत .४५० बोअरच्या काडतुसांच्या आयातीस बंदी केली. हिंदुस्थान ही तर या बंदूककारांची मोठी पेठ. तेव्हा सरकारी हुकूम पाळून गिऱ्हाईक राखण्यासाठी प्रत्येक पेढीने .४५० च्या आसपासचा आपापला नवा बोअर काढला: हॉलंड अँड हॉलंडचा .४६५, जोसेफ लँगचा .४७०, वेस्टली रिचर्ड्‌सचा .४७६, आणि .४७५ क्रमांक २. सरकारी दफ्तरातील एका हुकुमाने काडतुसांच्या वंशावळीत एवढी भर घालावी, हे या विषयाच्या इतिहासातील एक विलक्षण प्रकरण होय.

या नावांवरून गोळीचा व्यास काढू जाणारा फसतो. .४५० च्या गोळीचा व्यास .४५८ इंच, .४६५ च्या गोळीचा .४६८, .४७० च्या गोळीचा सुमारे .४७४; .४७५ क्रमांक २ ची गोळी सुमारे .४८३ इंचाची, तर बंदूककार जेफ्री यांनी त्याच जातीची म्हणून काढलेल्या काडतुसाची गोळी त्याहूनही किंचित मोठी. .४५०/४०० या नावाचा अर्थ .४५० ची पुंगळी तोंडाशी आवळून .४०० ची केली असा आहे, आणि तिच्याही तीन इंची व सव्वातीन इंची अशा दोन भिन्न जाती आहेत. प्रसिद्ध शिकारी जिम कॉर्बेट यांच्याजवळ याच बोअरची जेफ्री बनावटीची दुनळी होती. नळीवर कोरलेला आकडा हा अशा रीतीने कुळाचे नाव सांगतो, प्रत्यक्ष मापे सांगत नाही.

ती मापे काढण्याची रीत उद्यमबागेतील पॅटर्नमेकरास ऐकताच आपली वाटेल. पाण्याच्या उत्कलनबिंदूच्याही खाली वितळणारा सेरोसेफ नावाचा एक मिश्रधातू आहे. तो वितळवून काडतुसाच्या घरात ओततात, गोठल्यावर तो ओतीव ठसा बाहेर काढतात आणि मायक्रोमीटरने मोजतात. बिडाचे ओतकाम थंड होताना शेकडा एकाच्या आसपास आक्रसते म्हणून पॅटर्न तितका मोठा करावा लागतो, हे ओतशाळेत सर्वांना ठाऊक असते. हा मिश्रधातू प्रथम किंचित आक्रसतो आणि मग पुन्हा प्रसरण पावून सुमारे तासाभराने खऱ्या मापावर येतो, म्हणून त्याचे मोजमाप घड्याळ लावून करावयाचे असते. घराची लांबी, कडेची जाडी, मानेचा व्यास आणि नळीतील पेचदार खाचांचा व्यास, एवढे आकडे या ठशावरून हाती आले म्हणजे कुळाच्या नावामागील माणूस कोण, हे कळते.

दाब, उष्मा आणि गोळीचा कठीणपणा

आता बळाकडे वळू. .४७० नायट्रो एक्स्प्रेसच्या दाबाची कमाल मर्यादा अमेरिकी मानकाप्रमाणे दर चौरस इंचास ३५,००० पौंड; .३०-०६ या खटक्याच्या रायफलीच्या काडतुसाची ६०,००० पौंड. जनावर मोठे आणि दाब मात्र कमी, यात विसंगती वाटेल. पण लांबरुंद पुंगळीत दारू सैल जागेत जळू देऊन दाब कमी राखणे, हेच त्या जुन्या रचनाकारांचे शहाणपण होते. बिजागरीवर मोडणाऱ्या रायफलीचे कुलूप खटक्याच्या रायफलीएवढे ताण सोसणारे नसते. आणि उन्हाने तापलेली पुंगळी घराच्या भिंतीला चिकटून बसली, तर जखमी जनावरासमोर रायफल मोडून ती ओढून काढणे हा जिवाचा प्रश्न होतो. १९१२ साली हॉलंड अँड हॉलंडने .३७५ मॅग्नम काडतूस काढले तेव्हा खटक्याच्या रायफलीसाठी पट्टेदार (बेल्टेड) आणि दुनळीसाठी कडेची (रिम्ड), अशी दोन रूपे केली व कडेच्या रूपाचे भरणे थोडे सौम्य ठेवले, ते याच विचाराने. उलट १९५६ साली निघालेल्या .४५८ विंचेस्टर मॅग्नमची गोळी .४५० च्याच व्यासाची असली, तरी आखूड पुंगळीत तेच काम करावयाचे म्हणून त्याचा दाब ६०,००० पौंडांच्या घरात जातो. नवी दुनळी बनवून घेणाऱ्याने असे बिनकडेचे, चढ्या दाबाचे काडतूस केवळ ते सहज मिळते म्हणून मागू नये.

येथे एक घातक गैरसमज दूर केला पाहिजे. खटक्याच्या रायफलीची सवय असलेले लोक झाडलेल्या पुंगळीची टोपी (प्रायमर) चपटी झाली आहे काय, पुंगळी घट्ट बसली आहे काय, अशा खुणांवरून दाबाचा अंदाज बांधतात. या खुणा प्रायः फार उच्च दाबावर उमटतात. ३५,००० पौंडांच्या रायफलीत त्या दिसू लागतील तेव्हा तिची मर्यादा केव्हाच ओलांडलेली असेल. खूण दिसत नाही, ही निर्धोकपणाची साक्ष मुळीच नव्हे.

उष्म्याचा हिशेबही येथेच मांडला पाहिजे. कॉर्डाइट तापले की अधिक वेगाने जळते आणि दाब वाढतो. इंग्लंडच्या थंड हवेत जुळविलेली रायफल दख्खनच्या वैशाखात तेच काडतूस झाडताना निराळी वागे. म्हणून किनॉक कंपनी उष्ण देशांसाठी किंचित कमी दारूची निराळी काडतुसे भरीत असे. .४५०/४०० च्या तीन इंची काडतुसात ६० ग्रेनऐवजी ५५ ग्रेन कॉर्डाइट, हे त्याचे ठळक उदाहरण. आजच्या दारू तुलनेने स्थिर असल्या तरी काडतुसांची पेटी मोटारीच्या काचेखाली उन्हात ठेवू नये, हा जुना शिरस्ता आजही तितकाच खरा आहे.

गोळीचेही तसेच. जाड कातडीच्या जनावरांसाठीच्या जुन्या गोळ्यांत पोलादी कवचाच्या आत शिसे असे, आणि ते नळीतील खाचांतून जाताना थोडे दबे. आज संपूर्ण पितळेच्या किंवा तांब्याच्या एकसंध गोळ्या निघाल्या आहेत. त्या दबत नाहीत, आणि जुन्या पातळ नळ्यांत तो ताण पोलादावर उमटून खाचांची नक्षी नळीच्या बाहेरून दिसू लागल्याची उदाहरणे आहेत. म्हणून नव्या रायफलीसाठी जी गोळी निर्मात्यास मान्य असेल ती त्याच्याकडून लेखी घ्यावी, आणि जुन्या रायफलीस मऊ, जुन्या घडणीच्या गोळ्याच द्याव्यात.

नळीच्या बुडावरील सनद

इतके वाचून वाचक विचारील की, सामान्य माणसाने हे सारे कोठून जाणावे? त्याचे उत्तर बहुधा रायफलीवरच लिहिलेले असते. लंडनच्या बंदूककार मंडळास १६३७ साली राजसनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ साली स्थापन झाले. आणि १८६८ च्या कायद्याप्रमाणे तेथे प्रत्येक नळी नेहमीहून चढे भरणे झाडून तपासल्यावाचून विकणे बेकायदा आहे. उद्यमबागेतील सिलिंडरास दीडपट दाब देण्यामागे जी बुद्धी आहे, तीच येथे आहे. रायफल मोडून नळ्या उतरविल्या, म्हणजे बुडाच्या सपाट भागावर मुकुटाची मुद्रा दिसते, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील अनेक नळ्यांवर तिच्याजवळ कॉर्डाइटचे कमाल वजन व गोळीचे वजन ग्रेनमध्ये कोरलेले आढळते: ७५ आणि ५०० असे आकडे दिसले तर ७५ ग्रेन कॉर्डाइट आणि ५०० ग्रेनची गोळी. नायट्रो परीक्षेची मुद्रा नसेल, केवळ काळ्या दारूची असेल, तर त्या रायफलीपुढे नायट्रो काडतुसाचे नावही काढू नये. ती मुद्रा ही त्या रायफलीची सनद होय, आणि सनदेबाहेरचा अधिकार वापरू नये.

नवी रायफल बनवून घेताना क्रम असा असावा. प्रथम कडेचे, सौम्य दाबाचे आणि आजही कारखान्यांत नियमित निघणारे काडतूस निवडावे; .४७० हे हॉर्नडी, फेडरल, नॉर्मा असे एकाहून अधिक कारखाने बनवितात, म्हणून ते आज सर्वांत निर्वेध. मग ज्या काडतुसावर नळ्या जुळवावयाच्या त्याच कारखान्याचे, त्याच गोळीचे काडतूस निर्मात्याच्या हाती द्यावे, आणि जुळवणीचे अंतर, हवेचे तापमान व दोन्ही नळ्यांचे मार दाखविणारा कागद रायफलीसोबत मागून घ्यावा. जुनी रायफल असेल तर मुद्रा वाचणे, घराचा ठसा घेणे, नळ्यांची बुडाशी बैठक सैल झाली आहे काय ते पाहणे, आणि हे सर्व जाणत्या, परवानेदार बंदूककाराकडून करवून घेणे, एवढे झाल्यावाचून तिच्यात काडतूस घालू नये. जुन्या कॉर्डाइट काडतुसांचे पेटारे वारशात मिळाले असतील तर ते झाडण्याची हौस करू नये. त्यांच्या टोप्यांतील जुने रसायन नळीस गंज आणते, पाऱ्याच्या टोपीने पुंगळी ठिसूळ होते, आणि पुष्कळदा चाप ओढल्यावर दारू क्षणभर थांबून मग उडते. असे काडतूस मुके राहिले तर निदान अर्धे मिनिट नळ्यांचे तोंड निर्धोक दिशेस धरून ठेवावे, आणि मगच रायफल मोडावी.

शेवटी एक गोष्ट उद्यमबागेतील कारागिरांना उद्देशून आदराने सांगितली पाहिजे. दहा-वीस मायक्रॉनच्या आत माप राखणारा हात असला, म्हणजे नळी भोकरणे आणि घर कोरणे हे काम आपल्यालाही सहज जमेल असे वाटणे स्वाभाविक आहे, आणि कौशल्याच्या दृष्टीने ते खोटेही नाही. परंतु १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे शस्त्र व दारूगोळा बनविणे, दुरुस्त करणे, बदलणे आणि त्याची परीक्षा घेणे या प्रत्येक गोष्टीस परवाना लागतो, आणि हा नियम केवळ कारकुनी नव्हे. ओतशाळेत एखादा सिलिंडर परीक्षेत फुटला तर तेल सांडते आणि तो भंगारात जातो. येथे परीक्षेवाचून झाडलेली नळी फुटली, तर हाताची बोटे आणि डोळे जातात. परवानेदार बंदूककाराचे दार ठोठावून, सेरोसेफचा थंड ठसा आणि नळीच्या बुडावरील दोन आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यास जो वेळ लागेल, तो एखाद्या चांगल्या जॉबच्या तपासणीस लागणाऱ्या वेळेहून फारसा अधिक नाही. तेवढा वेळ ज्यास देववत नाही, त्याने आजोबांची रायफल तेल लावून, कपाटात कुलूपबंद, मुकीच ठेवावी. त्यात त्या रायफलीचाही मान राहतो.